भागवंतीला कुणी विचारलं नाही

२७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन. आमच्या विहारात दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम असतो आणि गेली सहा-सात वर्षं तिथे बोलायला मला बोलावतात. विषय ठरलेला असतो, 'त्यागमूर्ती रमाई'. गोवऱ्या थापणं, अर्धपोटी राहणं, चार लेकरं डोळ्यांदेखत जाणं आणि तरीही साहेबांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ न देणं, हे सगळं मी सांगते. समोर बसलेल्या बायांचे डोळे पाणावतात. शेवटी मी म्हणते, "अशी खंबीर आई आपल्याला लाभली." टाळ्या होतात, खीर वाटली जाते आणि सगळ्या घरी जातात.

यंदा मी ते भाषण केलं नाही. त्यावरून विहार समितीतल्या एक-दोघांची नाराजीही ओढवून घेतली. का केलं नाही, हे सांगण्यासाठी मला चाळीस वर्षं मागे, दूरदर्शनच्या एका जुन्या मालिकेकडे जावं लागेल. वाचकांना वाटेल, कुठे रमाई आणि कुठे टीव्हीची मालिका! पण थोडा धीर धरा.

मालिकेचं नाव 'हम लोग'. ७ जुलै १९८४ ला ती सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये संपली. दीडशेच्या वर भाग झाले. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण आमच्या कामठीच्या वस्तीत रेल्वेत नोकरीला असलेल्या एका काकांकडे लाकडी शटरचा टीव्ही होता आणि मालिकेच्या वेळी वस्तीतल्या बाया त्यांच्या ओसरीत दाटीवाटीनं बसत. कामठीत हिंदी आम्हाला परकी नाही. माझी आई त्यांच्यात होती. वय अठरा, लग्नाला काही महिने झालेले, नववीतच शाळा सुटलेली. ती एकटी रिकाम्या हातांनी जात नसे. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा. टीव्हीकडे डोळे आणि विड्या वळणारी बोटं, अशी तिनं ती मालिका पाहिली. ज्या कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, ज्यांच्यामुळे 'जयभीम' आपल्या तोंडी आला, त्याच कामठीतली ही गोष्ट.

मालिकेत एका निम्न-मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा होती. दारू पिणारा बाप बसेसर राम, आजोबा, आजी इमरती देवी, दोन मुलगे लल्लू आणि नन्हे, तीन मुली बडकी, मझली आणि छुटकी. आणि या सगळ्यांच्या मधोमध, स्वयंपाकघरात, आई भागवंती. नवरा घालूनपाडून बोलतो, सासू टोमणे मारते, पैसा पुरत नाही. भागवंती ऐकते, डोळे पुसते आणि पुन्हा चुलीकडे वळते. गंमत म्हणजे मालिकेचे प्रायोजक होते दोन मिनिटांत होणाऱ्या मॅगी नूडल्स. जिचा जन्म चुलीपुढे गेला तिच्या दुःखाच्या मध्ये झटपट खाण्याची जाहिरात!

ही मालिका नुसत्या करमणुकीसाठी काढलेली नव्हती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रसार मालिकांमधून करून दाखवला होता, तेच सूत्र आपल्याकडे आणलं गेलं. या सूत्रात तीन प्रकारची पात्रं असतात. ज्याचं अनुकरण करावं असं एक, ज्याचं करू नये असं दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये घुटमळत शेवटी योग्य वाटेला लागणारं तिसरं. स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी बडकी अनुकरणासाठी होती. आणि भागवंती? ती इशारा म्हणून होती. मुकाट्यानं सोसत राहिलं तर बाईचं असं होतं, हे प्रेक्षकांनी पाहावं म्हणून तिला उभं केलं होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन, हसतमुखानं, त्या दिवसाचा धडा समजावून सांगत.

पण घडलं उलटंच. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, त्यांची पत्रं वाचली. चार लाखांच्या घरात पत्रं आली होती. त्यांना आढळलं, की बऱ्याच प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं होतं. आदर्श पत्नी, आदर्श सून, आदर्श आई. इशारा म्हणून लावलेल्या पाटीला लोकांनी हार घातला.

एम.ए.ला असताना हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला तो मजेशीर वाटला होता. प्रेक्षक कसे चुकीचा अर्थ घेतात याचं उदाहरण म्हणून मी तो परीक्षेतही लिहिला. आज मला वाटतं, प्रेक्षक चुकले नव्हते. हजारो वर्षं ज्या समाजानं पतिव्रतेच्या सोसण्यालाच पुण्य म्हटलं, त्या समाजाला तुम्ही सोसणारी बाई दाखवलीत, पार्श्वभूमीला करुण संगीत दिलंत, तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर कॅमेरा थांबवलात, तर तो हात जोडणारच. मनुस्मृतीचं दहन १९२७ मध्ये महाडला झालं. मनातली मनुस्मृती तेवढ्यानं जळत नाही.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला मोबाइलवर 'हम लोग'चे जुने भाग लावून दिले. चाळीस वर्षांनी ती भागवंतीला भेटत होती. मला वाटलं, तिला गंमत वाटेल. सुरुवातीला वाटलीही. "हिची साडी पाय, आपल्या काकूची होती ना, तशी," असं काहीबाही बोलत होती. मग गप्प झाली. मी विचारलं, "आई, तेव्हा तुम्ही सगळ्या भागवंतीसाठी रडत होतात ना?"

ती म्हणाली, "कोण भागवंतीसाठी रडत होतं व? घरी रडलं असतं तं साऱ्यायनं विचारलं असतं, काहून रडते म्हणून. तिथं रडलं तं कोणी विचारत नव्हतं."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. दोन वर्षं समाजशास्त्र शिकून आणि बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करून मला जे कळलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. त्या ओसरीत बसलेल्या बाया मालिका बघत नव्हत्या. त्यांना रडायला जागा मिळाली होती. भागवंतीच्या नावावर प्रत्येकजण आपापलं रडून घेत होती.

आता मालिकेकडे पुन्हा पाहा. इमरती देवींना, म्हणजे आजीला, कर्करोग होतो. त्या आजाराला नाव आहे. तिच्यासाठी अख्खं घर हलतं, आणि बाहेर प्रेक्षकही हळहळतात. पण भागवंतीला जे झालंय, ते काय आहे? सतत अपमान, सतत भीती, स्वतःची किंमत शून्य आहे अशी वर्षानुवर्षांची खात्री. याला मालिकेत आजाराचं नाव नाही. मी पाहिलेल्या भागांत कुणी तिला विचारत नाही, की तुला झोप लागते का? तुला जेवण जातं का? तुला मरावंसं वाटतं का? शरीराला रोग होतो हे मालिकेला माहीत होतं. बाईच्या मनालाही रोग होतो हे तिच्या लेखी नव्हतं. मनाचं जे काही होतं ते 'स्वभाव' होता, 'नशीब' होतं किंवा 'त्याग' होता.

त्या काळच्या पडद्यावर मनाच्या आजाराला दोनच रूपं होती. एक म्हणजे 'धक्का'. डॉक्टर चष्मा काढून सांगणार, "यांना जबर धक्का बसलाय." मग दुसरा धक्का बसला की बाई बरी. दुसरं रूप केस मोकळे सोडून हसणाऱ्या वेडीचं. या दोन्हींच्या मध्ये ज्या कोट्यवधी बाया होत्या, ज्यांचे केस नीट विंचरलेले होते आणि ज्या भाकरी वेळेवर टाकत होत्या पण आतून विझल्या होत्या, त्या पडद्याला दिसल्याच नाहीत. आपल्या मराठीतही काय वेगळं होतं? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. आपण त्यांची नावं विनोदासाठी वापरली. "याला आता येरवड्याला पाठवा!" ज्या आजाराचा पत्ताच विनोद आहे, तो आजार कुठली बाई तोंडानं कबूल करेल?

आणि मग आली १९८५ ची 'रजनी'. प्रिया तेंडुलकरांनी साकारलेली, गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडणारी. १९८९ ला 'उडान' आली, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची. या मालिकांचं मोल मी नाकारत नाही. माझ्या पिढीच्या मुलींना आयांनी याच नावांनी हाक मारून वाढवलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बाईसाठी पडद्यावर दोनच जागा ठेवल्या होत्या. सोसणारी किंवा लढणारी. थकलेल्या बाईला कुठेच जागा नव्हती. रजनी कधी सकाळी उठताना म्हणाली नाही, की आज मला अंथरुणातून उठवत नाहीये.

आता मी माझ्या घराबद्दल लिहिते. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या घरात बसेसर राम नव्हता. माझे बाबा हमाली करायचे, पण दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. ते चळवळीतले. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, संध्याकाळी विहारात बैठक, १४ एप्रिलच्या आधी महिनाभर वर्गणीसाठी फिरणं. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. म्हणजे भागवंतीच्या दुःखाची जी कारणं मालिकेनं दाखवली होती, त्यातलं एकही आमच्याकडे नव्हतं. तरीही आई भागवंती झाली.

१९९८ मध्ये माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा असताना तापानं गेला. मी दहा वर्षांची होते. त्या घराची, त्या दिवसाची मला आठवण आहे. वस्तीतल्या बाया आल्या, नातेवाईक आले. आईच्या जवळ बसून एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "रमाईनं चार लेकरं गमावली, पोरी. तू तर एकच गमावलं." त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याकडे सांत्वनाचा हा एकच शब्द होता. पण मी आईचा चेहरा पाहत होते. ती रडायची थांबली. त्यानंतर ती कधी रडलीच नाही.

पुढचं जवळजवळ वर्षभर ती झोपली नाही. रात्री मला जाग यायची तेव्हा ती दारात बसलेली असायची. विड्या वळायची, पण हजाराच्या सहाशे व्हायच्या आणि त्यातल्याही ठेकेदार छाटून टाकायचा. जेवायची नाही. भावाला आणि मला डबा भरून द्यायची, पण आमच्या नावांची अदलाबदल करायची. बाबांनी तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे कुणी काही विचारलं नाही. ताकदीच्या गोळ्या आणि लाल टॉनिक लिहून दिलं. "अशक्तपणा आहे," असं सांगितलं. मामा म्हणाला, बाहेरचं असेल, दाखवून आणू. बाबा भडकले. "आपण बौद्ध आहोत. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. माझ्या घरात असलं चालणार नाही." ते बरोबरच होते. पण ते पुढे काय करायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

इथे मला बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं'ची आठवण येते. 'स्त्री' मासिकात १९८२ मध्ये ते क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. म्हणजे 'हम लोग'च्याच आगेमागे. त्यात धर्मांतरापूर्वीच्या वस्तीतल्या सुनांचा अमानुष छळ आहे, आणि आषाढात बायांच्या अंगात येणंही आहे. मी हे पुस्तक वाचताना दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहते. वर्षभर जिचं कुणी ऐकत नाही, ती देवीच्या नावानं बोलली की गाव तिच्या पाया पडतं. बाईच्या मनाचा कोंडमारा बाहेर पडायला व्यवस्थेनं ठेवलेली ही एक फट होती. गुलामीनं दिलेली, अंधश्रद्धेची, पण फट.

१९५६ ला आपण ती फट बुजवली आणि योग्यच केलं. देवीच्या नावानं नव्हे, माणूस म्हणून बाईनं बोलावं, हाच तर धम्माचा अर्थ. पण माझा प्रश्न असा आहे, की देवी गेल्यावर आपण त्या जागी काय ठेवलं? बाईनं माणूस म्हणून बोलावं यासाठी विहारात कोणती वेळ राखून ठेवली? देवी गेली, पण डॉक्टर वस्तीपर्यंत आला नाही. मधल्या काळात आमच्या आयांच्या वाट्याला आली ती रेल्वेवाल्या काकांची ओसरी आणि भागवंती. १९९८ पर्यंत आमच्या घरात स्वतःचा टीव्ही आला होता, घरोघरी आला होता. मग ती ओसरीही राहिली नाही.

भार्गवी दवार यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं, पुढे पुण्यात 'बापू ट्रस्ट' उभारला. स्त्रियांच्या मनाचं दुःख त्यांच्या जगण्यापासून तोडून नुसतं मेंदूत शोधू नका, हे त्या आग्रहानं सांगत राहिल्या. सी. राइट मिल्स हे समाजशास्त्रज्ञ म्हणत, की जी अडचण एकट्याची वाटते ती अनेकांची असेल तर तो सार्वजनिक प्रश्न असतो. आकडा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या. निम्म्याहून जास्त. या तेवीस हजार भागवंतींना शेजारीपाजारी काय म्हणत असतील? "फार सोशिक होती हो. कधी तोंडातून ब्र काढला नाही."

मी बचत गटांच्या बैठका घेते. तिथे 'नैराश्य' हा शब्द कुणी वापरत नाही. "जीव घाबरते", "छातीत धडधडते", "डोक्यात मुंग्या येतात", "कशातच मन लागत नाही". दिवसभर धुणीभांडी करून, बांधकामावर विटा वाहून, घरी परतून पुन्हा चूल. भागवंतीला निदान एकच घर होतं. आमच्या बायांना दोन-दोन, तीन-तीन घरं. आणि त्यांच्यावर आणखी एक ओझं आहे, खंबीर असण्याचं. सवर्ण मध्यमवर्गीय बाई नाजूक असते, तिला 'स्ट्रेस' येतो. दलित बाई मात्र दणकट! ती कशी खचेल? बाहेरचा समाज आपल्या बायांना दणकट म्हणतो, कारण त्याला त्यांच्याकडून कष्ट करून घ्यायचे असतात. पण आपण स्वतः त्यांना खंबीर म्हणतो तेव्हा आपल्याला काय हवं असतं, हे एकदा प्रामाणिकपणे तपासू या. त्यांनी तक्रार करू नये, हेच ना?

मला माहीत आहे, इथे काही भाऊ म्हणतील, "ताई, रमाईंच्या त्यागावर प्रश्न उभा करता का?" नाही. मी रमाईंवर नाही, आपण रमाईंचं जे केलंय त्यावर प्रश्न उभा करते आहे. त्यासाठी मी बाबासाहेबांचाच आधार घेते. १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्यानंतर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी काय लिहिलं आहे ते शोधून वाचा. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव आणण्यात अर्थ नाही, आणि आपण कधी सावरू असं वाटतही नाही, अशी त्यांनी स्पष्ट कबुली दिली आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी, ज्याच्याकडे लाखो लोक आधारासाठी पाहत होते, त्या माणसानं लिहून ठेवलं की आम्ही दोघंही सावरलेलो नाही. त्यांनी स्वतःबरोबर रमाईंचंही दुःख लिहिलं. खंबीरपणाचा मुखवटा त्यांनी स्वतःही घातला नाही आणि पत्नीलाही घातला नाही. तो आपण घातला, भाषणांमधून, गाण्यांमधून, फ्लेक्सवरून. आणि मग तोच मुखवटा उचलून माझ्या आईच्या चेहऱ्यावर बसवला.

२० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेब म्हणाले होते, की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. पत्नीनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये, असंही त्यांनी सांगितलं. मैत्रीण म्हणजे जी आपलं दुःख सांगू शकते, आणि जिचं ऐकून घेतलं जातं.

आणि धम्मात तर याचं उदाहरण अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. पटाचारा थेरीची कथा आपल्याला माहीत असते, पण आपण ती चमत्कारासारखी सांगतो. नवरा, दोन लेकरं, आईवडील, भाऊ सगळे एकापाठोपाठ गेल्यावर ती भान हरपून, अंगावर वस्त्र नाही अशा अवस्थेत श्रावस्तीत फिरत होती. लोक वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांच्या सभेत ती आली तेव्हाही लोकांनी तिला अडवलं. बुद्धांनी तिला येऊ दिलं. भगिनी म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. कुणीतरी आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं. मग त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. 'तुझ्यापेक्षा जास्त गमावलेल्या बाया आहेत, तू गप्प बस,' असं ते म्हणाले नाहीत. आधी तिला जवळ येऊ दिलं, मग तिचं ऐकलं आणि उपदेश सगळ्यांत शेवटी केला. हा क्रम दूरदर्शनच्या लेखकांना सुचला नाही, हे मी समजू शकते. आपल्याला का सुचू नये?

तर यंदा २७ मेला मी काय केलं? बाबासाहेबांच्या त्या पत्राचा आशय सांगितला, पाच मिनिटांत. मग समोरच्या बायांना एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला शेवटची शांत झोप कधी लागली होती?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, कार्यक्रम फसला. मग मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "नातू गेला तवापासून नाही." तिच्या शेजारची बोलली. मग पलीकडची. खीर थंड झाली. समितीतले एक गृहस्थ नंतर मला म्हणाले, "रमाईंच्या कार्यक्रमात आजाराचा विषय कशाला काढला?" मी त्यांना म्हटलं, "दादा, मग कुठे काढायचा? जागा सांगा."

त्यातल्या दोघींना मी पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात घेऊन गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, उपकार नाही. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर फोन लावला तर पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आमच्या विहाराच्या फळ्यावर आता वंदनेच्या वेळेखाली लिहिला आहे. तुमच्या विहारातही लिहा. महिन्यातून एक संध्याकाळ बायांसाठी राखून ठेवा, जिथे भाषण नसेल, फक्त ऐकणं असेल. गोळीनं सगळं बरं होत नाही, मजुरी आणि मान मिळाल्याशिवाय मन बरं होत नाही, हे मला कळतं. पण मजुरीच्या लढ्यापर्यंत ती बाई जिवंत तर राहिली पाहिजे.

आई त्या दिवशी विहारात होती, भिंतीला टेकून बसलेली. ती काही बोलली नाही. मी आशेनं पाहत होते, पण नाही बोलली. रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "तो ११ सप्टेंबरले गेला. तुह्या बाबाले ऑक्टोबर वाटते." सत्तावीस वर्षं ही तारीख तिनं एकटीनं सांभाळली होती. घरात बाबासाहेबांची जयंती, महापरिनिर्वाण दिन, रमाईंचा स्मृतिदिन, सगळ्या तारखा कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलेल्या असतात. ही एकच नव्हती.

मी उठून ती लिहिली.

जयभीम! नमो बुद्धाय!